मधुमेहातून मी बरा झालो, त्याची खरी हकिकत

मधुमेहातून केवळ खाण्यापिण्याच्या जोरावर, एकही औषध न घेता, संपूर्ण बरा झालेला माणूस तुम्हांला बघायचा असेल, तर तो मी. ही बढाई नव्हे. बदलापुरात माझा सत्कार झाला आहे, गळ्यात झेंडूचा हार पडला आहे, आणि मी पाऊण तास भाषण केलं आहे. (पंधरा मिनिटांत आटपा असं सांगितलं होतं. पण बरा झालेला माणूस कोणाचं ऐकतो?)

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचं बिऱ्हाड अंबरनाथच्या अगदी टोकाला होतं. आमच्या मोरीची भिंत संपली, की पलीकडे कॅम्प सुरू. कॅम्प म्हणजे उल्हासनगर. नाव बदलून चार वर्षं झाली तरी आमच्या तोंडी कॅम्पच होतं. लष्कराच्या जुन्या बरॅकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहत. आमच्या घरात माणसं तीन. मी, कारखान्यात टाइमकीपर. माझी बायको कुसुम. आणि मला लहानाचं मोठं करणारी माझी आत्या, जिला मी मोठा झालो आहे हे अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

भिंतीपलीकडे लोकूमलशेठ राहत. पन्नाशीचा, गोरापान, उंच माणूस. शिकारपूरला त्यांचा तीन मजली वाडा होता म्हणे. इथे बरॅकीतल्या दीड खोलीत त्यांनी नाड्या विणायचं यंत्र बसवलं होतं आणि त्याचा खडखडाट आमच्या घरात दिवसभर ऐकू येई. त्यांना मधुमेह होता. त्यांच्या पत्नी, जमनाभाभी, रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन टोचत. इन्सुलिनची कुपी माठाला टेकून, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असे. शेठजी लघवीतली साखरही घरच्या घरी तपासत. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर बरीच, आणि विटकरी झाला तर देवाचं नाव घ्यायचं.

मे महिन्यातल्या एका रविवारी शेठजी आमच्याकडे गप्पा मारायला आले होते. मी बोलता बोलता तिसरा तांब्या तोंडाला लावला, तेव्हा ते एकदम गंभीर झाले.

"साईं, पाणी फार पितोस. रात्री उठावं लागतं?"

"लागतं की."

"पाय दुखतात?"

"दुखतात." (कारखान्यापर्यंत रोज दोन मैल चालत गेल्यावर कोणाचे दुखत नाहीत?)

"उगाच गुस्सा येतो?"

"छे! मी आणि—"

"येतो!" कुसुम आतून म्हणाली.

शेठजींनी मान हलवली. त्याच संध्याकाळी त्यांनी मला बूच लावलेली, तपकिरी काचेची औषधाची रिकामी बाटली दिली. "सकाळचा माल आण," ते हळूच म्हणाले. मी ती बाटली घरी आणून फळीवर ठेवली. कशासाठी आणली, ते बायकांना सांगायची लाज वाटली. पहाटे उठलो, अंधारात कार्यभाग उरकला, कारखान्यात जाऊन आलो आणि संध्याकाळी बाटली शेठजींच्या हवाली केली.

आठ थेंब पडले. दिवा पेटला. निळं औषध हिरवं झालं, पिवळं झालं, नारिंगी झालं, आणि बघता बघता विटकरी झालं! शेठजींनी परीक्षानळी उजेडासमोर धरली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला घट्ट मिठी मारली.

"मेरे से भी जास्ती!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आणि रंग बघ, उकळायच्या आधीच किती काळसर! डरने का नहीं साईं. सुई लागेल, बस्स. जन्मभर."

त्या 'जन्मभर'नं माझ्या तोंडचं पाणी पळालं. घरी येऊन मी भिंतीकडे तोंड करून पडलो. कुसुमला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, मग डॉक्टरांकडे चला की. एकदा दवाखान्यात नीट तपासू दे."

"डॉक्टर काय करणार? सुईच टोचणार!"

"टोचली तर टोचली. शेठजी नाही घेत?"

पण मला सुई नको होती. मला बरं व्हायचं होतं. आणि आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं पत्ता दिला बदलापूरच्या आहारगुरूंचा.

गुरुजी पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवत. (हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी काही फरक पडला नसता.) उल्हास नदीच्या काठी त्यांची झोपडी होती. दाढी छातीपर्यंत, आवाज मऊ. त्यांनी माझी नाडी पाहिली नाही, जीभ पाहिली नाही, प्रश्न विचारला नाही. डोळे मिटून म्हणाले, "चाळीस दिवस. रोग घाबरून पळेल." आणि कागदावर पथ्य लिहून दिलं. सूर्योदयाला पेलाभर कच्च्या कारल्याचा रस. त्यानंतर कडुनिंबाची एकवीस पानं चावून. दुपारी सालासकट दळलेल्या नाचणीची भाकरी आणि मेथी. संध्याकाळी जांभळाच्या बियांचं चूर्ण ताकातून, आणि रात्री पुन्हा कारलं, म्हणजे त्याची आठवण राहावी. भात बंद. चहा बंद. हसून बोलणंही कमी करावं असं त्यात लिहिलेलं नव्हतं, पण ते आपोआप झालं.

खरवईहून एक भाजीवाली बाई टोपली घेऊन आमच्या दारावर यायची. मी रोज दोन शेर कारली घेऊ लागलो, तेव्हा चौथ्या दिवशी तिला राहवेना.

"कवरी कारली नेतस रं दादा! घरान लगीन हाय का काय?"

"औषधाला नेतो."

"अगो बाय! कनाचा अवशीद?" तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि दोन कारली वर फुकट घातली.

घरात हाहाकार उडाला. कारलं वाटलेल्या पाट्यावर चटणी वाटली, तर ती कडू. त्या चटणीच्या हातानं कणीक मळली, तर पोळी कडू. आत्या ताटावरून उठून म्हणाली, "वसंता, तुला रोग झालाय, तू भोग. मी काय पाप केलंय?" मी शांतपणे पानं चावत राहिलो. कष्टाचा मला आता अभिमान वाटू लागला होता. फक्त एकच अडचण होती. दर आठवड्याला शेठजी बाटली देत, मी ती भरून नेई, आणि औषध दर वेळी विटकरीच होई! एक आठवडा झाला, विटकरी. दोन झाले, विटकरी. तीन झाले, तरी तोच रंग. वजन बारा पौंड उतरलं, विजार सांभाळायला शेठजींची नाडी दुहेरी बांधावी लागली, पण साखर ढिम्म हलेना.

मी रडकुंडीला येऊन गुरुजींकडे गेलो. त्यांनी डोळे मिटले.

"घरात गूळ आहे?"

"आहे. पण मी खात नाही! बोटसुद्धा लावत नाही!"

"खाण्याची गरज नाही," गुरुजी म्हणाले. "घरात गोड असलं, की त्याची हवा बाधते."

आज हे वाक्य लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात. पण त्या दिवशी मी धावत घरी आलो आणि गुळाची ढेप, साखरेचा डबा, इतकंच काय, देवापुढची खडीसाखर, सगळं उचलून कुसुमच्या माहेरी पोचतं केलं. आत्या बडबडत राहिली. "उद्या कोणी दारी आलं, तर हातावर काय ठेवू? कारलं?" मी लक्ष दिलं नाही. त्याच आठवड्यात बाटली भरून शेठजींकडे नेली. आठ थेंब टाकले. दिवा पेटवला. औषध उकळलं, उकळलं, आणि निळंच राहिलं! आभाळासारखं निळं!

शेठजी खुर्चीवरून उठले. मी त्यांना मिठी मारली, त्यांनी मला मारली, जमनाभाभींनी आम्हा दोघांना ओरडून सांगितलं, की दिवा कलंडतोय. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासलं, तरी निळंच. चाळीस दिवस पुरे झाले आणि मी बरा झालो.

यानंतर मी जो काही चेकाळलो, त्याला तोड नाही. कारखान्याच्या फाटकावर माणसं हजेरी लावायला आली, की मी त्यांना पथ्य सांगू लागलो. ज्याला खोकला होता त्यालाही कारलं सांगितलं. गुरुजींनी बदलापूरला मांडव घालून माझा सत्कार केला. मी बोलायला उभा राहिलो. "डॉक्टर म्हणतात सुई! मी म्हणतो, फेका ती सुई नदीत!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत लोकूमलशेठ बसले होते. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या तेच वाजवत होते.

परत येताना ते माझा हात धरून चालले. "साईं, दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "रोज सकाळी सुई. जमना उकळते, जमना टोचते, मागून जमना रडते. मी माझ्या डोळ्यांनी तुझा लाल रंग निळा होताना बघितला आहे. कल से मेरी भी सुई बंद."

मला काय वाटलं असेल? भीती? काळजी? अजिबात नाही. मला आनंद झाला! माझा पहिला शिष्य! मी त्यांना पथ्याचा कागद उतरवून दिला आणि खाली स्वतःची सही केली. कुसुमनं ऐकलं, तेव्हा तिच्या हातातलं उलथनं खाली पडलं. "अहो, त्यांची सुई बंद करणारे तुम्ही कोण? डॉक्टरांना विचारलंत?" मी तिच्याकडे दयेनं पाहिलं.

पुढचे दोन रविवार मी वांगणीला आणि आणखी कुठे कुठे गुरुजींबरोबर भाषणं देत हिंडलो. मग एका संध्याकाळी लक्षात आलं, की नाड्यांच्या यंत्राचा खडखडाट ऐकू येत नाही. विचारलं, तर कुसुम म्हणाली, "चार दिवस बंद आहे. तुम्हाला आज कळलं?"

मी गेलो. शेठजी खाटेवर पडले होते. गाल बसलेले, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. उशाशी रिकामा तांब्या, आणि जमनाभाभी दुसरा भरून आणत होत्या. मला पाहून ते हसले.

"आता मी चांगला होईन," ते म्हणाले. "रंग अजून लाल येतो. पण काल जमनाला तुझी युक्ती कळली."

"कसली युक्ती?"

"चावल! तुझी बाटली धुताना जमनाला तळाशी तांदळाचे चार दाणे सापडले होते. दोन्ही वेळा निळा आला, तेव्हा दाणे होते. गुरुजींनी तुला गुपचूप सांगितलं असणार. मीपण आजपासून टाकतो, साईं. चार दाणे."

मला काही समजेना. मी तसाच घरी आलो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. "आत्या, शेठजींच्या त्या तपकिरी बाटलीत तांदूळ कोणी टाकले?"

"मी," आत्या म्हणाली, निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता.

"का?"

"का म्हणजे? शेजाऱ्याचं भांडं. रिकामं कसं परत पाठवायचं? आपल्याकडे रीत आहे ना? ते सारखी बाटली पाठवतात. त्यातून काय येतं, ते तू मला कधी सांगितलं नाहीस. पण जाताना तरी बिचारी भरलेली जावी."

"आणि... आणि तांदळाच्या आधी काय टाकत होतीस?"

"गूळ. चांगला सुपारीएवढा खडा. तू गूळ घराबाहेर काढलास, मग काय घालू? तांदूळ घातले!"

कुसुम चुलीपुढे बसली होती. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पदर तोंडात कोंबला आणि तिथेच आडवी झाली. आत्याला काही कळेना. "हसायला काय झालं? बाटलीत काय न्यायचास रे तू?" मी सांगितलं. आत्यानं मेथी खाली ठेवली, उठली, आणि हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

पण मला हसू येत नव्हतं. खोटं का सांगू, मला रडू येत होतं. ज्या माणसाला रोग नव्हता, तो बरा झाला. आणि ज्याला होता, तो त्याच्या भरवशावर भिंतीपलीकडे सुकत चालला होता. मी अनवाणी धावलो.

"शेठजी, सुई घ्या! आत्ताच्या आत्ता! मला मधुमेह नव्हताच! आत्या बाटलीत गूळ टाकत होती!"

शेठजींनी डोळे उघडले आणि मायेनं माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरनं तुला भडकवलं."

"नाही हो! मी मूर्ख आहे!"

"नजर लागली तुला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लाल होता, निळा झाला."

आता आली का पंचाईत! मी बरा झालो, हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एका दमात विश्वास ठेवला. आणि मी गाढव आहे, हे शपथेवर सांगतोय तर कोणी ऐकायला तयार नाही! तोवर बरॅकीतले वीस-पंचवीस लोक दारात जमले होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "भाषण अच्छा था आपका." मी हात जोडले.

शेवटी मीच म्हणालो, "भाभी, दिवा पेटवा. आणि एक गुळाचा खडा द्या." बाटली घेऊन मी आडोशाला गेलो. (इतक्या लोकांच्या देखत त्या कामाला जाणं किती अवघड असतं, ते अनुभवानंच कळतं. बाहेरून जमनाभाभी "जल्दी करो!" म्हणत होत्या, त्यानं तर आणखी वेळ लागला.) परत आलो. पहिल्या परीक्षानळीत नुसते आठ थेंब. उकळलं. निळं. मग सगळ्यांसमोर बाटलीत गुळाचा खडा टाकला, विरघळेपर्यंत हलवला, दुसऱ्या परीक्षानळीत आठ थेंब टाकले. उकळलं. हिरवं, पिवळं, नारिंगी, विटकरी!

शेठजी कोपरावर रेलून त्या दोन्ही नळ्यांकडे पाहत होते.

"म्हणजे तुला कधीच नव्हता?"

"कधीच नव्हता."

"मग बरा काय झाला?"

"काहीच नाही, शेठजी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ते इतकंच म्हणाले, "जमना, पाणी उकळ."

गर्दीतल्या कोणीतरी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी शेठजींना तपासलं, स्वतः इंजेक्शन दिलं, आणखी चार दिवस असेच गेले असते तर काय झालं असतं तेही सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. मग माझ्याकडे वळले. "पथ्य हवंच. पथ्यानं साखर ताब्यात ठेवायला मदत होते. पण म्हणून याची सुई बंद करा, असं कोणी सांगितलं?" सगळ्या बरॅकीनं माझ्याकडे बोट दाखवलं. (भाषण आवडलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनीसुद्धा.) पुढच्या रविवारी मी बदलापूरला जाऊन गुरुजींना खरी हकिकत सांगितली. ते डोळे मिटून म्हणाले, "म्हणजे गूळ बाधत होता, हे खरंच ठरलं." मी हात टेकले.

दहाबारा दिवसांनी शेठजी उठून बसू लागले. मी पाय धरायला गेलो, तर त्यांनी मला खाटेवर बसवलं.

"माफ केलं. पण एक शर्त," ते म्हणाले. "माझी सुई सोडवली कोणी?"

"मी."

"मग आता चाळीस दिवस सुई तू टोचायची. जमनाला आराम."

नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून हजर झालो. जमनाभाभींनी शिकवलं तसं सिरिंज उकळली, माठाशेजारची कुपी काढली, औषध मोजून भरलं, हवेचा बुडबुडा घालवला. शेठजींनी मांडी पुढे केली. मी डाव्या हाताच्या चिमटीत मांडीची कातडी उचलून धरली. उजव्या हातानं सुई जवळ नेली आणि पुन्हा मागे घेतली. पण माझ्यामुळे या माणसाचा जीव जात होता. आता माघार नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं.

"शेठजी, डोळे मिटा," मी धीर देत म्हणालो. "जरासं दुखेल." आणि मी स्वतःचेच डोळे मिटून सुई खुपसली.

केवढी किंकाळी ऐकू आली! "माफ करा शेठजी!" मी डोळे न उघडताच ओरडलो. "इतकं दुखलं का हो?"

"मला काही नाही झालं, साईं," शेठजींचा शांत आवाज आला. "चिल्लाया तू. सुई तेरे अंगूठे में है."